हिरव्या ज्योतीचा कारागीर

मोटारीतील वातानुकूलनाची दुरुस्ती हा स्वतंत्र व्यवसाय अमेरिकेत आकाराला आला. पॅकार्ड कंपनीने 1940च्या मॉडेलमध्ये अशी यंत्रणा प्रथम कारखान्यातूनच बसवून दिली. तिचा शीतक भाग डिकीत होता आणि कॉम्प्रेसर, म्हणजे वायू दाबणारा पंप, इंजिनापासून वेगळा करणारा क्लच नसल्यामुळे थंडावा नको असेल तेव्हा बॉनेट उघडून पट्टाच काढावा लागे.

पुढे आर-12 हा क्लोरीनयुक्त शीतकवायू सर्वत्र रूढ झाला. थंडावा कमी झाल्याची तक्रार आली की पहिला संशय गळतीवर जाई आणि ती शोधण्यासाठी कारागीर हॅलाइड दिवा वापरीत: या दिव्याची नळी सांध्यांजवळ फिरवली असता गळणारा वायू तिच्यातून ओढला जाई आणि तापलेल्या तांब्याच्या संपर्कात येऊन ज्योत हिरवी होई. हे कौशल्य खरोखर आदरास पात्र आहे, कारण त्याच ज्योतीत वायू जळून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होण्याचा धोका असे.

1974 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मोलिना व रोलंड यांनी आर-12सारख्या वायूंमुळे ओझोनच्या थराला असलेला धोका दाखवला. या थराच्या रक्षणासाठी झालेल्या 1987च्या माँट्रियल करारानंतर आर-12 हटत गेला. त्याच्या जागी आलेल्या आर-134ए मध्ये क्लोरीन नसल्यामुळे ज्योत हिरवी होईना, कॉम्प्रेसरच्या वंगणाचे जुने खनिज तेल त्यात मिसळेना, आणि जोडण्याही वेगळ्या ठेवल्या गेल्या. परिणामी कारागिरांना इलेक्ट्रॉनिक शोधक आणि अतिनील प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य वापरून निदानाची पद्धत नव्याने शिकावी लागली.