वजन उतरते, कातडी उरते

इतिहासाचे व्याख्यान ऐकावयास आलेल्या श्रोत्यांपुढे आम्ही शस्त्रक्रियेचा विषय मांडणार, हे पाहून काहींना आश्चर्य वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे काही वाचले ते सभा आटोपल्यावर, रात्री. हा विषय आमच्याकडे आला तो आमच्याच एका चुकीमुळे.

आमच्या संघटनेत पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या एक भगिनी आहेत. त्यांचे वजन 115 किलोच्या पुढे गेले होते. साखर वाढलेली, गुडघे धरलेले. जठराची शस्त्रक्रिया झाली आणि दीड वर्षात 45 किलो वजन उतरले. वार्षिक सभेत आम्ही त्यांना व्यासपीठावर बोलावून हार घातला आणि "ताई निम्म्या झाल्या, पण काम दुप्पट करतात," असे म्हणून टाळ्या मिळवल्या. सभेनंतर त्या आमच्याकडे आल्या व हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हार घातलात, बरे वाटले. पण ऐन वैशाखात मी मनगटापर्यंत बाह्या का घालते, हे कुणी विचारले नाही. वजन गेले, कातडी माझ्यापाशीच राहिली."

त्या रात्रीपासून आम्ही या कातडीचा इतिहास शोधू लागलो.

आरंभ बाल्टिमोरपासून करावा लागतो. अमेरिकेतील या शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. 1899 मध्ये त्यांनी एका स्त्रीच्या पोटावरची चरबी आडवा छेद घेऊन कातडीसकट काढली. काढलेला भाग 7,450 ग्रॅम भरला, म्हणजे जवळजवळ साडेसात किलो. तत्पूर्वी फ्रान्समध्ये असा लहान प्रयत्न झाला होता, परंतु केलींच्या नोंदीनंतर या शस्त्रक्रियेला वैद्यकात ठिकाण मिळाले. पुढे शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी 1924 मध्ये बेंबी जागच्या जागी राखण्याची रीत मांडली. बेंबी ती काय, असे कोणी म्हणेल. पण ती नाहीशी झालेल्या माणसाला आपले पोट आपले वाटत नाही, ही जाण त्या रीतीत आहे.

शरीरावरून एप्रनासारख्या लोंबणाऱ्या या घडीला डॉक्टर 'पॅनस' म्हणतात. मूळ शब्द लॅटिन, अर्थ कापड किंवा चिंधी. कापड गिरण्यांच्या वस्त्या पाहिलेल्या आम्हांला हा शब्द वाचून क्षणभर थांबावे लागले. कापड ताणले आणि सोडले तर ते कितपत परत येते, हे मागावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. कातडीचे तसेच आहे. तिच्यात ताकद देणारे आणि लवचीकपणा देणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात. वर्षानुवर्षे ताण पडला की ते तंतू विस्कटतात, तुटतात. आतली चरबी गेली तरी ते पूर्ववत होत नाहीत. व्यायामाने स्नायू भरतात, मलमाने कातडी मऊ होते. फाजील कातडी मात्र कशानेच आखडत नाही. दंडाखाली, स्तनांवर, पोटावर, मांड्यांच्या आत ती लोंबत राहते. घड्यांत घाम साचतो, पुरळ उठते, बुरशी धरते, चालताना कातडीला कातडी घासते. आठ तास उभ्याने काम करणाऱ्या बाईला हे काय असते, त्याची कल्पना खुर्चीत बसणाऱ्याने करू नये.

आता नीट ध्यानात घ्यावे, की केलींच्या काळी वजन उतरविणारी शस्त्रक्रिया मुळी नव्हतीच. कातडी कापण्याची विद्या आधी आली, वजन उतरविण्याची पन्नासएक वर्षांनी. 1954 मध्ये मिनेसोटाच्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या धर्तीच्या शस्त्रक्रियांनी वजन उतरे, पण यकृत बिघडे, मुतखडे होत, क्षार घटत. शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन सहसा वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. जठराचा वरचा थोडा भाग तेवढा ठेवून तो थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी 1966 मध्ये केली आणि पुढच्याच वर्षी तिचा वृत्तांत छापला. 1994 मध्ये ती दुर्बिणीतून झाल्याचे वृत्त आले आणि मोठ्या छेदाची भीती गेली. पुढे जठराचा मोठा भाग काढून नळीएवढे जठर ठेवण्याची रीतही रूढ झाली.

1967 हे साल आम्हांला विशेष वाटते. मेसन यांचा लेख निघाला त्याच वर्षी ब्राझीलचे शल्यविशारद इव्हो पितांगी यांनी पोटाच्या कातडीच्या 300 शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. पितांगी श्रीमंतांचे डॉक्टर म्हणून जगभर गाजले, परंतु रिओच्या सांता काझा या धर्मादाय रुग्णालयात त्यांनी गरिबांसाठीही विभाग चालविला. 1961 मध्ये नितेरॉय येथे सर्कशीच्या तंबूला आग लागून शेकडो माणसे मेली, तेव्हा भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्यांत ते होते. भाजलेली कातडी आणि लोंबणारी कातडी ही दोन्ही कामे त्याच हातांनी केली. एकीला उपचार म्हणायचे आणि दुसरीला हौस, ही विभागणी हातांनी केलेली नाही. ती नंतर हिशेबनिसांनी केली.

एका वर्षात निघालेल्या या दोन लेखांची गाठ पुष्कळ काळ पडली नाही. एका खात्याने किलो मोजले, दुसऱ्याने टाके. 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावून, उंचीच्या मानाने वजन किती असता शस्त्रक्रिया करावी याचे आकडे ठरविले. ते आकडे जगभर चालले. यश मोजायचे तेही काट्यावर. सोबतीला 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे: जुनी विजार कमरेपुढे ओढून धरलेला हसरा माणूस. त्या छायाचित्रांत तो बहुधा पूर्ण कपड्यांत असतो, हे आमच्या आता ध्यानात आले. आम्ही व्यासपीठावर जे केले, ते याच जातीचे छायाचित्र होते.

काटा सांगत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. आपल्या शरीराचे एक चित्र आपल्या मनात असते, या विषयावर व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले पॉल शिल्डर यांनी 1935 मध्ये ग्रंथ लिहिला. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्लक्समन आणि हर्श या दोन डॉक्टरांनी त्याची परीक्षा पाहिली. रुग्णालयात ठेवून आहाराने वजन उतरविलेल्या मोजक्या रुग्णांना त्यांचीच प्रतिमा भिंगातून रुंद वा अरुंद करून दाखविली आणि 'तुमच्याएवढी करा' असे सांगितले. वजन खूप उतरले होते, तरी ते रुग्ण स्वतःला आहेत त्याहून जाड ठरवीत राहिले. देह बारीक झाला, मनातला देह मागे राहिला. आमच्या भगिनी आजही बसमध्ये चढताना आडव्या होऊन चढतात. "जागा पुरते हे डोळ्यांना कळते, पाठीला कळत नाही," असे त्या म्हणतात. त्यात लोंबती कातडी रोज आंघोळीच्या वेळी त्याच जुन्या देहाची साक्ष देते. अशा माणसाला 'आता कशाला रडता, बारीक झालात ना' असे म्हणणे हा अडाणीपणा आहे, आणि तो आम्हीही केला.

कातडी काढणे सोपे आहे असेही नव्हे. वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच, म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्षाने, ती काढतात. जखम उसवते, पाणी साचते, रक्ताच्या गुठळीचे भय असते, लांबलचक व्रण राहतात. कित्येकांना व्रण परवडले असे वाटते. काहींची नाराजी पोटावरून उठून दंडावर जाऊन बसते. ज्यांना ती करायची नाही किंवा जमत नाही, ते घड्या कोरड्या ठेवतात, आतून घट्ट पट्टा वापरतात, कपडे शिवून घेतात आणि असेच दुसरे कोणी भेटले की तासभर बोलतात. या शेवटच्या उपायाला खर्च नाही, पण तशी माणसे भेटावी लागतात. ताईंना दुसऱ्या खात्यातील एक बाई भेटल्या, तेव्हापासून त्या जेवणाच्या सुट्टीत पुन्हा सर्वांत बसू लागल्या.

आता पैशाचे. आपल्या विमा नियामकाने 2019 मध्ये आरोग्य विम्यातील वगळणुकींची भाषा एकसारखी केली. ठरावीक अटी पुऱ्या झाल्या तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया विम्यात बसावी, अशी ती भाषा आहे. रूप बदलणाऱ्या शस्त्रक्रियेला मात्र नकार. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग, किंवा प्रकृतीला थेट आणि तात्काळ धोका असल्याचा डॉक्टरांचा दाखला. म्हणजे ज्या उपचाराचे पैसे दिले, त्याचेच जे शेष उरले ते 'रूप' ठरले. अमेरिकेतही कर्करोगाने स्तन काढलेल्या स्त्रियांना नवा स्तन घडविण्याचा खर्च विमा कंपन्या असाच नाकारीत. पुष्कळ झगड्यानंतर 1998 मध्ये तेथे कायदा झाला: स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याने तो पुन्हा घडविण्याचाही द्यावा, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या बाजूच्या शस्त्रक्रियेचाही. काल जी हौस होती ती कायद्याने गरज ठरली. वेतनश्रेणीच्या वाटाघाटी केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. कोणते काम कुशल आणि कोणते अकुशल, हेही असेच कोठेतरी टेबलावर ठरते.

ताईंचा पहिला अर्ज 'सौंदर्योपचार' असा शेरा मारून परत आला होता. दुसरा आम्ही सोबत बसून लिहिला. पोटाच्या घडीतील वारंवारच्या जखमा, डॉक्टरांचा दाखला, औषधांच्या पावत्या, सर्व जोडले. पुरावा म्हणून छायाचित्रेही मागितली होती. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, देईन. पण पाकीट बाई डॉक्टरच उघडील, एवढे लेखी घ्या." अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात, बाकी सर्व मागण्यांच्या वर, आम्ही तेच लिहिले. उत्तर अद्याप यायचे आहे.