वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूची जोडणी

मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या जाळ्याला ‘नेटवर्क’ म्हणतात. ही जोडणी गरोदरपणाच्या शेवटच्या ३ महिन्यांत झपाट्याने होते. स्पर्श आणि हालचालींचं जाळं आधी तयार होतं, विचार आणि नियोजनाचं नंतर. झोपलेल्या बाळाच्या एमआरआयमध्ये रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपून ती पाहता येते.

३७ आठवड्यांआधी जन्म झाला, तर हेच काम पोटाबाहेर, उजेड-आवाजात पार पडतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते ८९ मधल्या २ किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा १८ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत, पण पुरेशा वजनाच्या मुलांपेक्षा कमी होता.

म्हणून कोल्हापुरात असा किंवा आणखी कुठे, बाळाचं वजन वाढलं तरी पुढच्या तपासण्या चुकवू नका.