भिजवायला एक रात्र

पंधरा हजार फुटांवर पोस्टिंग झालेल्या प्रत्येकाने खडकांवरचे केशरी डाग पाहिलेले असतात. गवताचं पातं नसतं तिथेही ते असतात. ते शैवाक: बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही शैवाकच, आणि आयुर्वेदात ते ‘शैलेय’ म्हणून औषधात येतं. लडाखमध्ये असताना मी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांची वर्णनं वाचायला घेतली, ती या डागांमुळेच.

आइसलंडच्या डोंगरांवर मिळणाऱ्या एका तपकिरी शैवाकाला १७५३ साली लिनियसने त्या देशाचंच नाव दिलं. तिथे धान्य जेमतेम पिकायचं, म्हणून लोक हे गोळा करून आणत. ते आधी पाण्यात भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, मग दुधात शिजवायचं. उत्तर युरोपात काही ठिकाणी राखेच्या पाण्यात भिजवत, कारण त्यातलं कडू आम्ल क्षारात लवकर सुटतं. शिजल्यावर उरतो तो बुळबुळीत लगदा. तो घशाला अस्तरासारखा बसतो आणि कोरडा खोकला निवतो. युरोपातले वैद्य क्षयाच्या रोग्यांनाही हेच देत. क्षय त्याने बरा होत नसे, पण खोकल्याला उतार पडे. भूक वाढवायची असेल तर कडूपणा मुद्दाम ठेवत. जर्मनीत औषधांच्या दुकानांत याच्या गोळ्या आजही मिळतात.

आता १८२१ सालचा उत्तर कॅनडा. जॉन फ्रँकलिन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची वीस जणांची तुकडी आर्क्टिक किनाऱ्यावरून परतत होती. रसद संपली होती. खडकांवरचं काळपट शैवाक खरवडून, उकळून त्यावर दिवस काढणं सुरू होतं. पुढे बुटांचं चामडंही खाल्लं. रॉबर्ट हूड या तरुण अधिकाऱ्याच्या पोटाला ते शैवाक मुळीच सोसेना. तो खंगत गेला आणि ऑक्टोबरमध्ये एका सोबत्याच्या गोळीने मेला. एकूण अकरा जण गेले.

वाटेत त्यांना ते आइसलंडी शैवाकही सापडलं होतं. उकळलं, पण चार चमच्यांपलीकडे फारसं कुणाला गिळवेना इतकं कडू. फ्रँकलिनने कारणही नोंदवलंय: आधी भिजवलेलं नव्हतं. म्हणजे माहिती होती! सोबत डॉ. रिचर्डसनसारखा सर्जन आणि निसर्गअभ्यासक होता. पण भिजवायला रात्रभराची सवड, मोकळं भांडं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवण्यापुरतं सरपण लागतं. माझ्या मते ही उणीव वनस्पतिशास्त्राची नव्हती, रसदीची होती. आइसलंडच्या बाईकडे चूल होती, दूध होतं आणि सकाळपर्यंत थांबायची सोय होती.

लडाखचं केशरी शैवाक चाखून पाहिलं का, असं कुणी विचारेल. नाही, आणि तुम्हीही पाहू नका. स्वीडन-नॉर्वेत लांडगे मारायला आमिषात विष म्हणून जे घालत, तेही एक पिवळंधमक शैवाकच.