दवाखाना म्हणजे नेमकं काय?

मागच्या वर्षी एका आरोग्य अ‍ॅपचा फॉर्म मी मराठीत केला. दोन पर्याय ठेवले : तपासून घरी जायचं तो 'दवाखाना', भरती व्हायचं ते 'रुग्णालय'. पुण्यात राहून असंच वाटायला लागतं. मुदखेडहून बाबांनी फॉर्म भरला. आजी नांदेडला आठ दिवस भरती होती, तरी त्यांनी 'दवाखाना'च दाबला. क्लेम अडकला. चूक माझी.

'दवा' अरबी, 'खाना' फारसी. म्हणजे औषधाचं घर. तोफखाना, कारखाना याच्याच भावकीतले. त्यात खाटांचा हिशेब नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा भाग निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. हैदराबादचं अवाढव्य उस्मानिया हॉस्पिटलसुद्धा लोकांच्या तोंडी 'उस्मानिया दवाखाना'च. 'इस्पितळ' पोर्तुगीजांकडून आलं. त्याच्या लॅटिन मुळाशी चक्क पाहुणा आहे. 'रुग्णालय' संस्कृतातून घडवलेलं. पाटीवर शोभतं, पण घाबऱ्याघुबऱ्या ऑटोवाल्याला कोण सांगतं, 'रुग्णालयात घ्या' म्हणून?

"मग मी काय दाबायचं होतं?" बाबांनी विचारलं.

आता फॉर्ममध्ये एकच प्रश्न आहे : 'दवाखान्यात रात्री मुक्काम केला का?'