भजनाच्या चालीतील उपासना: ‘दीप जले’ ही ध्वनिमुद्रिका आणि तिच्या मराठी पूर्वसुरी

‘दीप जले’ ही ‘आराधना’ या गायनवृंदाची 2000 साली प्रसिद्ध झालेली पहिली ध्वनिमुद्रिका होय. क्रिस हेल आणि पीटर हिक्स हे या वृंदाचे प्रमुख गायक-वादक. हेल नेपाळ व भारतात लहानाचे मोठे झाले. एका रॉक वृंदात गायल्यानंतर ते सतारीकडे वळले. उत्तर भारतात प्रचलित असलेली येशूभजने सतार, गिटार आणि तबला यांच्या साथीने त्यांनी गायिली. ‘मार्गदर्शन’, ‘सत्संग’ व ‘अमृत वाणी’ या त्यांच्या पुढील ध्वनिमुद्रिका. यात नवे काय, असे आमच्या धर्मप्रांतातील काही गायनवृंदांनी विचारले, म्हणून हे टिपण.

यातील नावीन्य वाद्यांच्या मिश्रणात फारसे नाही. सतार आणि गिटार यापूर्वीही एकत्र वाजली आहेत. खरे नावीन्य वेळेत आहे. यातील भजन घाई करीत नाही. एकच ओळ, अनेकदा केवळ प्रभूचे नाव, पुनःपुन्हा आळवले जाते, लय हळूहळू वाढत जाते, आणि ऐकणारा नकळत गाऊ लागतो. चित्रपटगीताची चाल उचलून तिच्यात ‘येशू’ हा शब्द बसविण्याचा जो उद्योग आपल्याकडे अधूनमधून चालतो, त्याहून हे अगदी निराळे आहे.

मराठी भाविकांना मात्र हे परके वाटू नये. ही ध्वनिमुद्रिका हिंदी आहे, परंतु तिने धरलेली वाट मराठीत फार जुनी आहे. इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ केवळ वाचनासाठी नव्हता. ख्रिस्तमंदिरांत तो गायिला जात असे. देवनागरी लिपीतील त्याची आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी 1956 साली पुण्यातून सिद्ध केली.

त्यानंतरचे मोठे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी ठरली. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बहुधा इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे विलायती चालींवर म्हटली जात. त्यात मराठीची कुचंबणा होई. आपल्या पद्यात ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व आहे, तर विलायती चाल आघातावर चालते. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर ताणले जाई आणि दीर्घ चिरडले जाई. शब्द मराठी असूनही कानाला ते मराठी वाटत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि भजन हे साचे हाती घेतले व शेकडो गीते रचली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तचरणांशी आलो, असे ते सांगत. 9 मे 1919 रोजी ते निवर्तले. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. नगरचेच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी टिळकांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता, हेही येथे नोंदविले पाहिजे.

तो तुकोबांचा पूल आपल्या अगदी शेजारी आहे. देहू आणि आळंदी ही दोन्ही स्थाने पिंपरी-चिंचवड व चाकण यांच्या परिसरातच येतात, आणि तुकोबांची पालखी दर वर्षी आकुर्डीत मुक्काम करते. टाळ-मृदंगाचा तो नाद कारखान्यांच्या वस्तीतील प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. तरीही ख्रिस्तमंदिरात टाळ दिसला की काही भाविक अस्वस्थ होतात, आणि ही अस्वस्थता आम्ही हसण्यावारी नेत नाही. तिची दोन कारणे आमच्या ध्यानात आली आहेत. काहींना भजन ही दुसऱ्या धर्माची वस्तू वाटते. नगर व मराठवाड्यातून कामधंद्यासाठी येथे आलेल्या काही कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या वाडवडिलांना गावच्या देवळात प्रवेश नव्हता. त्या देवळातील चाल आज वेदीसमोर कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु नगरकडच्या त्याच समाजांत एकतारी, डफ आणि झांजांवर रात्रभर ख्रिस्तभजने रंगत आली आहेत. एकतारी तर त्यांच्या आज्यांचीच होती. आम्हांस वाटते की आधी ही चाल गावी आणि मग शास्त्रोक्त रागदारीकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास भजन हा मोजक्या प्रशिक्षित गळ्यांचा कार्यक्रम होऊन बसतो.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. 4 डिसेंबर 1963 रोजी घोषित झालेल्या उपासनाविषयक संविधानाच्या 119व्या परिच्छेदात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य तो मान देण्यास सांगितले आहे. 120वा परिच्छेद ऑर्गनचा गौरव करतो, तसेच उपासनेस शोभणाऱ्या इतर वाद्यांनाही अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी करतो. भारतासाठी 25 एप्रिल 1969 रोजी संमत झालेल्या बारा मुद्द्यांत आरतीचाही समावेश आहे.

तथापि प्रत्येक भजन मिस्सामध्ये चालतेच असे नाही. प्रतिसाद स्तोत्राच्या जागी भजन घालू नये. तेथे पवित्र शास्त्रातील स्तोत्रच हवे. प्रवेश, अर्पण आणि ख्रिस्तशरीर-ग्रहण या वेळी भजनास जागा आहे, मात्र शब्दांस महागुरुस्वामींची मान्यता असावी. टिळक प्रॉटेस्टंट होते म्हणून त्यांची गीते वर्ज्य ठरत नाहीत; आशय तपासला म्हणजे झाले. ख्रिस्तशरीर-ग्रहणाच्या वेळी तर भजनाचा साचा फार उपयोगी पडतो. एकाने म्हणावे, सर्वांनी झेलावे. रांगेत उभ्या असलेल्या भाविकाच्या हाती पुस्तक नसले तरी चालते.

ध्वनिमुद्रिका मिस्साच्या वेळी यंत्रावर लावणे मात्र अयोग्य आहे. पवित्र संगीताविषयीच्या 3 सप्टेंबर 1958 च्या सूचनापत्राने उपासनेत ग्रामोफोनसारख्या यंत्रांना मनाई केली होती, आणि तिच्यामागील कारण आजही पटण्यासारखे आहे: स्तुती जमलेल्यांच्या मुखातून निघावी लागते. ध्वनिमुद्रिकेची जागा घरात आणि सरावात आहे. ज्या धर्मग्रामांत पाळीचे कामगार अधिक आहेत, तेथे गायनवृंदाची सर्व माणसे एका वेळी क्वचितच जमतात. तेथे प्रमुख गायकाने चाल ध्वनिमुद्रित करून सर्वांना पाठवावी, प्रत्येकाने ती घरी बसवावी, आणि रविवारी मिस्साच्या दहा मिनिटे आधी केवळ ध्रुवपद सर्व भाविकांकडून दोनदा म्हणवून घ्यावे. पेटी, एक टाळजोडी व तबला एवढी सामग्री पुरते. पट्टी मात्र काळी दोनच्या वर नेऊ नये. सकाळच्या मिस्साला लोकांचा गळा तितका चढत नाही.