व्हिडिओ गेमचा परवाना म्हणजे जुगाराचा परवाना नव्हे; गाळा भाड्याने देण्याआधी हे वाचा

पनवेल, प्रतिनिधी :

जमिनीचे पैसे आले, साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, की आपल्याकडे रस्त्याला लागून दोन-चार गाळे उभे राहतातच. तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या गाळ्यासाठी असाच एक भाडेकरू आला. किराणावाला देतो त्याच्या दुप्पट भाडं द्यायला तयार. धंदा कसला, तर व्हिडिओ गेम. "परवाना आहे, सरकारला फी भरतो," म्हणाला. शेतकऱ्याने मला विचारलं, "दादा, सरकार फी घेतं म्हणजे चालतं ना?"

प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात पैसे लावून खेळायच्या यंत्राला परवानाच मिळत नाही. कितीही फी भरायची तयारी असली तरी नाही. इथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, नशिबाच्या खेळाला नाही. परवाना मिळतो तो करमणुकीच्या खेळाचा. पनवेल आणि उरण नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात, त्यामुळे इथे तो अधिकार पोलीस आयुक्तांचा. पेण, खालापूर, कर्जतकडे जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे अलिबागचा. पूर्वी करमणूक करही भरावा लागायचा. २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याचा तो कर त्यात गेला. पण कर भरला म्हणून जुगार कायदेशीर होत नाही, ना तेव्हा होत होता ना आता.

गोम असते ती आत. भिंतीवर परवाना गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा आणि यंत्रात चालू चक्री, नाहीतर बिंगो. गल्ल्यावर पैसे द्यायचे, यंत्रात पॉइंट चढतात. जिंकलं तर पॉइंटचे पुन्हा पैसे. बाहेरून विचारलं तर "पैसे कुठे, पॉइंट आहेत" हे उत्तर तयार. कर्नाटकातल्या व्हिडिओ गेमवाल्यांचं असंच एक प्रकरण १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं होतं. अशा खेळांवर परवान्याचं बंधन घालायचा सरकारला अधिकार आहे, असं कोर्टाने सांगितलं. यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याचं कौशल्य निरुपयोगी करता येतं, हेही कोर्टाने लक्षात घेतलं. आपण बटण दाबतो, हिशेब आधीच ठरलेला असू शकतो.

आता गाळेमालकाचं. कायद्याचं कलम ४ फक्त अड्डा चालवणाऱ्यापुरतं नाही. जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही त्यात येतो आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची आहे. "मी फक्त भाडं घेतो" हे म्हणणं तिथे पुरेसं पडत नाही. अड्ड्यावर खेळ चालू असताना जो सापडतो तो खेळायलाच आला होता असं कलम ५ मध्ये धरलं जातं. तसं नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. मित्राला बोलवायला आत गेलेला पोरगाही त्यात अडकतो.

"गोव्यात तर चालतं" असं हमखास ऐकू येतं. चालतं, कारण तिथला कायदा वेगळा. १९९२ मध्ये दुरुस्ती करून गोव्याने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी दिली, पुढे १९९६ मध्ये बोटींवरच्या कॅसिनोला. वार्षिक फी कोटींच्या घरात जाते. एवढं करूनही २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे! महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी लागूच झाला नाही. त्याचा आधार घेऊन कोणी ना कोणी परवाना मागायचा. शेवटी २०२३ मध्ये सरकारने तो रद्दच केला.

म्हणून भाडेकरू आला की परवान्याची प्रत मागा. कोणाच्या सहीचा आहे, मुदत कधीपर्यंत, जागेचा पत्ता तुमच्याच गाळ्याचा आहे का, हे बघा. दुसऱ्या गावच्या परवान्याची झेरॉक्स दाखवणारेही असतात. शंका असली तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात त्या कार्यालयाला विचारता येतं. भाडेकरार नोंदणीकृतच करा आणि वापर कशासाठी ते त्यात स्पष्ट लिहा. आमच्या त्या शेतकऱ्याने प्रत मागितली, तेव्हा "उद्या आणतो" म्हणून गेलेला माणूस परत आला नाही. गाळ्यात सध्या खताचं दुकान आहे. भाडं निम्मं, पण दर महिन्याला येतं.

मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. त्यामुळे पैसे अडकले असतील तर तक्रार करायला घाबरू नका. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आणि गावात अड्डा चालू असेल तर ११२ वर फोन करता येतो.