साखरेचें चिलखत

संक्रांत जवळ आली कीं आमच्या घरीं शेगडीवर परात चढे. मंद निखाऱ्यांवर तीळ पसरावयाचे, त्यांवर चमचा-चमचा पाक सोडावयाचा आणि आईनें तें सारें बोटांनीं सतत फिरवीत राहावयाचें. साखरेचें एक पूट सुकल्याखेरीज दुसरें द्यावयाचें नाहीं. अधीर माणसाचें तें काम नव्हे. आज ज्या अमेरिकन मिठाईची हकीगत मी सांगणार आहें, तिचें बाह्यांग याच रीतीनें घडतें. आंत तिळाऐवजीं चॉकोलेट असतें, परातीच्या जागीं यंत्रानें फिरणारें भांडें असतें, आणि कांटे न येतां गोळी गुळगुळीत निघते, इतकाच फरक. तिचें नांव एम अँड एम्स. आपल्याकडे १९६८ पासून मुलांस ठाऊक असलेल्या जेम्सच्या गोळ्यांची ती वडील भावकी म्हणा ना!

चॉकोलेटचा स्वभाव मोठा नाजूक. त्यांतील कोकोचें लोणी आपल्या देहाच्या उष्णतेहून किंचित कमी उष्णतेंतच वितळतें. जिभेवर ठेवतांच विरघळणें हा त्याचा गुण. मुठींत धरतांच विरघळणें हा त्याचाच अवगुण. यावर साखरेचें चिलखत हा उपाय.

हा उपाय सुचला कोणास? फॉरेस्ट मार्स हा अमेरिकेंतील एका मिठाईवाल्याचा मुलगा. बापाशीं पटेना म्हणून तो इंग्लंडास गेला आणि १९३२ मध्यें स्लाऊ येथें त्यानें स्वतःचा धंदा मांडला. पुढें स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळांत साखरेचें कवच असलेल्या चॉकोलेटच्या गोळ्या खाणारे सैनिक त्याच्या दृष्टीस पडले व तेथून ही कल्पना त्यानें उचलली, असें सांगतात. कथा मोठी सुरस आहे. परंतु मास्तरकीची खोड जात नाहीं. कथा ऐकली कीं मन शेजारचा पुरावा धुंडूं लागतें. यॉर्क शहराची राउंट्री कंपनी १९३७ पासून अशाच गोळ्या 'स्मार्टीज' या नांवानें विकीत होती, आणि मार्स त्याच देशांत त्याच धंद्यांत होता. माझ्या मतें, एवढ्यासाठीं त्याला स्पेनपर्यंत जाण्याचें कारण नव्हतें.

तो मायदेशीं परतला तेव्हां महायुद्धाची छाया पसरली होती. साखर व चॉकोलेट यांचा तुटवडा पडणार, हें त्यानें ओळखलें. चॉकोलेटच्या धंद्यांत त्या वेळीं हर्शी कंपनीचा दबदबा होता. मार्सनें भागीदार निवडला तो नेमका त्या कंपनीच्या अध्यक्षाचा मुलगा, ब्रूस मरी. त्याचा वांटा शेंकडा २०. पण त्याच्या पाठोपाठ चॉकोलेटचा पुरवठाही आला. मार्स आणि मरी, या दोन आद्याक्षरांचें मिळून मिठाईचें नांव झालें. १९४१ मध्यें नेवार्क येथें उत्पादन सुरू झालें आणि लवकरच अमेरिका युद्धांत उतरली. मग युद्ध संपेपर्यंत हा माल केवळ सैन्यासच मिळे. उष्ण प्रदेशांत लढणाऱ्या शिपायाला न वितळणाऱ्या चॉकोलेटची किंमत काय वाटली असेल, तें आपल्या वैशाखांत राहणाऱ्यांस सांगावयास नको. शिपाई घरीं परतले ते ही चव घेऊनच.

युद्ध संपलें, पुरवठ्याची ददात मिटली, आणि भागीदाराची गरजही सरली. १९४९ मध्यें मार्सनें दहा लक्ष डॉलर देऊन मरीचा वांटा विकत घेतला. व्यवहार कायदेशीर होता, रक्कमही लहान नव्हती. तरी मला तो कोरडाच वाटतो. नंतरच्याच वर्षीं, १९५० मध्यें, प्रत्येक गोळीवर 'एम' हें अक्षर उमटूं लागलें. आधीं तें काळें असे. १९५४ पासून पांढरें झालें.

लोकांची भीति कशी चालते याचाही एक दाखला या गोळ्यांनीं ठेवला आहे. १९७६ मध्यें एका तांबड्या रंगाविषयीं अमेरिकेंत मोठी घबराट उडाली. तो रंग या गोळ्यांत मुळीं वापरलाच जात नव्हता. तरी तांबडी गोळी काढून घ्यावी लागली, ती १९८७ मध्यें परत आली.

परवां नातवानें अशी एक गोळी माझ्या तळहातावर ठेवून विचारलें, "आजोबा, अक्षर तर एकच आहे, हें दोघांपैकीं कोणाचें?" मीं चष्मा पुसून गोळी उलटून पाहिली. दुसऱ्या अंगाला कांहींच नव्हतें.